उच्च रक्तदाब आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या: आत नेमकं काय होतं?

कवडसा
उच्च रक्तदाब म्हटलं की हार्ट अटॅक नाहीतर अर्धांगवायू, एवढंच डोळ्यांसमोर येतं. दोन्ही एका झटक्यात होणारे. मला विचारायचंय ते तिसऱ्याच प्रकाराबद्दल, जो वर्षानुवर्षं चालू राहतो आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

वडील ७४ वर्षांचे. बीपी बरीच वर्षं १५०-१६० च्या घरात. "थोडंसंच तर जास्त आहे" म्हणून गोळी कधी घेतली, कधी नाही. अटॅक आला नाही, हातपाय लुळे पडले असंही कधी झालं नाही. पण माणूस संथ झालाय. काही विचारलं की उत्तर येतं, बरोबरच येतं, पण मधे वेळ जातो. एमआरआय केला तर अहवालात बारीक रक्तवाहिन्यांमुळे झालेले जुने बदल, दोन छोटे लॅक्यून (मेंदूतल्या बारीक पोकळ्या), आणि शेवटी "वयानुरूप" असा शेरा.

मला हे समजून घ्यायचंय. रक्त तर सगळ्या शरीरात त्याच दाबाने फिरतं, मग मेंदूतल्या बारीक वाहिन्यांनीच कुणाचं घोडं मारलंय? दाब जास्त म्हणजे रक्त जास्त पोचायला हवं, मग रक्त कमी पडून इजा कशी होते? आणि हे वयाचं म्हणायचं की बीपीचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही.

चांदणफूल
माझ्या सासूबाईंच्या अहवालात अगदी हेच शब्द होते. "या वयात असतंच" असं ऐकून आम्ही फाइल कपाटात ठेवली. वाचते आहे.

धूमकेतू
जाणकार येईपर्यंत माझ्यापरीने. मुख्य जलवाहिनीला मधे काहीही न बसवता थेट सलाइनची नळी जोडली तर ती किती टिकेल? मेंदूच्या खोल भागात जवळपास तीच अवस्था आहे. इतरत्र धमनी टप्प्याटप्प्याने बारीक होत जाते आणि दाब वाटेत उतरतो. इथे उतरायला वाटच पुरत नाही.

नीलमोहर
धूमकेतू, सुरुवात नेमकी केलीत. मी मेंदूविकार विभागात काम करते, पुढचं मी लिहिते. लांबेल, सांभाळून घ्या.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी १५ ते २० टक्के रक्त त्याला लागतं, आणि तेही चोवीस तास, झोपेतसुद्धा. मेंदूच्या तळाशी मोठ्या धमन्या आहेत. त्यांच्यापासून काही अतिशय बारीक फांद्या जवळजवळ काटकोनात निघून थेट आत शिरतात. बऱ्याचशा अर्ध्या मिलिमीटरच्याही आतल्या. बेसल गँग्लिया, थॅलॅमस, पॉन्स आणि खोलवरचा व्हाइट मॅटर या मेंदूच्या आतल्या भागांचं पोषण अशा बारीक वाहिन्यांवरच चालतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, मोठ्या धमनीतला दाब यांच्यावर फारसा न उतरता येतो. दोन, एक फांदी बंद पडली तर शेजारची तिचं काम उचलू शकत नाही, पर्यायी रस्ता जवळपास नसतोच.

आता कवडसा यांचा प्रश्न: दाब जास्त तर रक्त जास्त का नाही? कारण वाहिनी स्वतःच ते होऊ देत नाही. तिच्या भिंतीत स्नायूपेशींचा थर असतो. आत दाब वाढला की या पेशी आकुंचन पावतात, वाहिनी अरुंद होते आणि पलीकडच्या नाजूक केशवाहिन्यांवर धक्का पोचत नाही. हा बचाव आहे आणि निरोगी शरीरात तो उत्तम चालतो. पण दाब वर्षानुवर्षं चढाच राहिला की आकुंचन कायमचं होतं. भिंत जाड होते, आतली पोकळी लहान होते. त्यापुढे स्नायूपेशी मरायला लागतात आणि त्यांच्या जागी कोलॅजन आणि काचेसारखा एकसंध दिसणारा पदार्थ साठतो. सूक्ष्मदर्शकाखाली अशी वाहिनी पाहिली तर नेहमीचे वेगवेगळे थर दिसतच नाहीत. मधे टाचणीच्या टोकाएवढंही नसलेलं छिद्र आणि भोवती गुलाबी रंगाचं जाड कडं, त्यात पेशींची केंद्रकं जवळपास नाहीत. भिंत आहे, पण ती आता आकुंचनही पावत नाही आणि प्रसरणही.

त्याच वेळी आतल्या अस्तराच्या पेशीही आजारी पडतात. वाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड त्या पुरेसा तयार करत नाहीत. रक्त आणि मेंदू यांच्यामधला त्यांचा बंदोबस्तही ढिला पडतो, रक्तातली प्रथिनं भिंतीत आणि आजूबाजूच्या भागात झिरपतात, तिथे सूज राहते.

इथून दोन शेवट संभवतात. छिद्र बंद झालं की त्या वाहिनीपुरता छोटा भाग मरतो आणि तिथे द्रवाने भरलेली पोकळी उरते, साधारण ३ ते १५ मिलिमीटरची. तेच लॅक्यून. किंवा भिंत कमकुवत होऊन रक्त बाहेर येतं. थोडं आलं तर मायक्रोब्लीड, जास्त आलं तर मेंदूत मोठा रक्तस्राव. एकाच माणसाच्या एमआरआयमध्ये दोन्ही दिसणं मुळीच दुर्मीळ नाही, कारण मूळ आजार एकच आहे.

मृद्गंध
वा, नीलमोहर! इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. पुढचे भाग येऊ द्या.

गणितवेडा
यात गणिताची भर घालतो. नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी घटली तर ०.९ चा चौथा घात ०.६५६, म्हणजे दाब तोच राहिला तर प्रवाह सुमारे ३४ टक्क्यांनी कमी. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा. म्हणजे बारीक वाहिनीत जरासं जाडपणही महागात पडतं. मोठ्या धमनीत भिंत तेवढीच जाड झाली तर त्रिज्येत टक्क्याचाही फरक पडणार नाही.

नीलमोहर
दिशा अगदी बरोबर, गणितवेडा. फक्त आकडे जसेच्या तसे माणसाला लावू नका. इतक्या बारीक वाहिनीत रक्त साध्या द्रवासारखं वाहत नाही आणि भिंत सारखी बदलत असते. धूमकेतूंच्या नळीचंही तेच: नळी दाब निमूटपणे सोसते, वाहिनी दाबाला उत्तर देते, आणि ते उत्तर देता देताच बिघडते.

पाणकळा
जरा वेगळं मत मांडतो. वयाबरोबर बीपी वाढतंच. आमच्या वेळचे डॉक्टर सांगायचे, वय अधिक शंभर एवढं चालतं. त्या हिशोबाने ७४ वर्षांच्या माणसाचं १६० हे घाबरण्यासारखं नाही. उगाच म्हाताऱ्या माणसांना आकड्यांच्या मागे लावू नये.

उंबरठा
पाणकळाकाका, आदरपूर्वक असहमत. तो हिशोब केव्हाच मागे पडला. वयाबरोबर बीपी वाढणं सर्रास दिसतं, पण ते अटळ नाही. १९८८ साली इंटरसॉल्ट नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक होते. त्यांच्या आहारात मीठ जवळपास नाहीच. त्यांचा सरासरी वरचा आकडा ९५ च्या आसपास होता आणि वय वाढलं तरी तो वाढत नव्हता. म्हणजे आपण ज्याला "वयाचं" म्हणतो त्यात बराच हात राहणीचा आहे.

आणि "थोडं जास्त चालतं" हा समज किती महाग पडतो याचं जगाने पाहिलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासलं तेव्हा बीपी १८६/१०८ होतं. पुढे वर्षभर ते चढत राहिलं. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा ३००/१९० नोंदलं गेलं. त्याच दिवशी ते गेले. जनतेला तोवर "प्रकृती ठीक" असंच सांगितलं जात होतं. ब्रून यांनी सगळ्या नोंदी १९७० मध्ये प्रसिद्ध केल्या. त्या काळी बीपी उतरवायला धड औषधच नव्हतं, आणि चढा दाब वयस्कर माणसाला गरजेचाच असतो असं मानणारे मोठे डॉक्टरही होते. आज औषधं आहेत. तोच समज आज बाळगायला कारण नाही.

पाणकळा
रूझवेल्ट यांचं माहीत नव्हतं. बरं, वय अधिक शंभर मागे घेतो. पण म्हाताऱ्यांचं बीपी फार उतरवलं की ते चक्कर येऊन पडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याचं काय?

नीलमोहर
तो मुद्दा खराच आहे, काका, आणि त्याला शास्त्रीय आधार आहे. मघाशी सांगितलेल्या बचावाला मर्यादा आहेत. सरासरी दाब साधारण ६० ते १५० च्या दरम्यान असेल तर निरोगी मेंदू आपला रक्तपुरवठा जवळपास कायम ठेवतो, ही मांडणी लासेन या संशोधकांनी १९५९ मध्ये केली. सरासरी दाब म्हणजे खालचा आकडा अधिक दोन आकड्यांमधल्या फरकाचा एक तृतीयांश. १६०/१०० असेल तर १२०. आज या पट्ट्याच्या नेमक्या कडांवर वाद आहेत, पण एक गोष्ट टिकली आहे: दीर्घकाळ चढ्या दाबाची सवय झालेल्या मेंदूत हा सगळा पट्टा वरच्या बाजूला सरकलेला असतो. तुमच्या-माझ्या दृष्टीने नॉर्मल असलेला दाब अशा माणसाला एकदम दिला तर मेंदूच्या खोल भागाला रक्त कमी पडू शकतं.

म्हणून तातडीची परिस्थिती नसेल तर बीपी आठवड्या-महिन्यांत, हळूहळू उतरवतात. आणि वयस्कर माणसाचं बीपी उभं राहूनही मोजायचं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. ही तपासणी फार कमी ठिकाणी होते, घरच्यांनी आठवणीने मागावी.

रानवारा
हा धागा वाचतानाच माझं बीपी वाढलं असणार. मोजून बघू का?

स्वानंदी
रानवारा, वाचताना नका मोजू, खरंच! बोलताना, वाचताना आकडा वरच येतो. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड हृदयाच्या पातळीला, पट्टा कपड्यावरून नाही. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी तुंबलेली नको. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं आठवडाभर करून सरासरी काढा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या. घरच्या घरी सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर ते वाढलेलं धरतात.

रानवारा
माझं डोकं कधी दुखत नाही, गरगरत नाही, म्हणून आजवर मोजलंच नव्हतं. आता मोजतो.

नीलमोहर
डोकं दुखण्यावर भरवसा ठेवू नका. १६०-१७० असलेल्या बहुतेकांना काहीही जाणवत नाही. बारीक वाहिन्या बिघडताना दुखत नाही. एमआरआयमध्ये लॅक्यून सापडलेल्या कितीतरी जणांना आपल्याला कधी काही झालं होतं हे आठवतच नाही, कारण तो भाग इतका छोटा असतो की त्या दिवशी हात लुळा पडला नाही, बोलणं अडखळलं नाही.

अबोली२२
कवडसा यांनी लिहिलेलं "संथ" वाचून थांबले. आईचं अगदी असंच आहे आणि घरात ते कुणाला पटवून देता येत नाही.

आईची आठवण चांगली आहे. कुणाच्या लग्नाला कोण आलं होतं हे ती सांगेल. पण चालता चालता तिला काही विचारलं तर ती आधी थांबते, मग उत्तर देते, मग पुन्हा चालायला लागते. दोन्ही एकत्र होत नाही. वळायचं असेल तर जागच्या जागी छोटी छोटी पावलं टाकत वळते. पूर्वी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने काम करणारी बाई. आता कपाटातून साडी काढायला गेली की दार उघडून उभी राहते. विसरलेली नसते. कुठून सुरुवात करायची ते तिला ठरवता येत नाही. लघवीला लागलं की धरवत नाही, त्यामुळे बाहेर जाणं बंद केलंय. आणि सगळ्यात मला टोचतं ते म्हणजे तिला आता कशात रस नाही. भाऊ म्हणतो आळशीपणा, मावशी म्हणते बाबा गेल्यापासून मन लागत नाही. डॉक्टरांनी एमआरआय दाखवून सांगितलं तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग रडू आलं.

नीलमोहर
अबोली, तुम्ही जे लिहिलंत ते पाठ्यपुस्तकातल्या वर्णनापेक्षा नेमकं आहे. आईला आळशी म्हणू देऊ नका.

असं का होतं ते सांगते. व्हाइट मॅटर म्हणजे मेंदूच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणारे चेतातंतू आणि त्यांच्यावरचं मायलिनचं आवरण. मेंदूच्या पृष्ठभागावरून आत येणाऱ्या लांबच लांब बारीक वाहिन्या त्याला रक्त पुरवतात. वेंट्रिकलच्या, म्हणजे मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या, भोवतीचा पट्टा या वाहिन्यांच्या अगदी टोकाला येतो, त्यामुळे पुरवठा कमी झाला की पहिला फटका तिथे बसतो. मायलिन बनवणाऱ्या पेशी रक्ताच्या कमतरतेला फार हळव्या असतात. एमआरआयवर पांढरे धूसर डाग दिसतात ते हेच. फझेकास यांनी १९८७ मध्ये त्यांची ० ते ३ अशी प्रतवारी दिली. ती आजही अहवालांत असते, विचारून घ्या.

या तंतूंपैकी कपाळामागच्या भागाला बेसल गँग्लियाशी जोडणारे तुटले की आठवण शाबूत राहते, पण आठवण वापरण्याचा वेग जातो. ठरवणं, सुरुवात करणं, एक काम सोडून दुसऱ्याकडे वळणं अवघड होतं. पावलांचा ताल आणि लघवीवरचा ताबाही याच जोडण्यांवर अवलंबून आहे. उत्साह जाणंसुद्धा. म्हणून हे चारही एकत्र दिसतात. अल्झायमरमध्ये सुरुवातीला नवी गोष्ट साठवलीच जात नाही, सूचक शब्द देऊनही आठवत नाही. इथे सूचक शब्द दिला की बहुतेकदा आठवतं. वयस्कर माणसांत दोन्ही आजार एकत्र असणंही नेहमीचं आहे.

चांदणफूल
अबोली, तुमचा प्रतिसाद वाचून सासूबाईंबद्दल किती गोष्टी जुळल्या. आज फाइल पुन्हा काढते. आईला नमस्कार सांगा.

अबोली२२
सांगते. भावाला आणि मावशीला हा धागा पाठवलाय.

शंकासुर
थोडा विरोधी सूर लावतो, कारण सगळे एकाच दिशेने निघालेत. बीपी आणि मेंदूतले डाग एकत्र दिसतात हे मान्य. पण बीपी उतरवल्याने मेंदू वाचतो याचा पुरावा किती भक्कम आहे? स्प्रिंट या अमेरिकी चाचणीत ९३६१ लोक होते. अर्ध्यांचा वरचा आकडा १२० च्या खाली, उरलेल्यांचा १४० च्या खाली ठेवायचं उद्दिष्ट होतं. २०१९ मध्ये मेंदूबद्दलचे निष्कर्ष आले. डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृती आणि बुद्धी ढासळण्याच्या आजाराचं, प्रमाण कमी दिसलं, पण तो फरक निर्णायक ठरला नाही. शिवाय कडक उपचार घेणाऱ्यांचा मेंदू एकूण आकाराने किंचित जास्तच घटला. हे कुणी सांगत नाही.

नीलमोहर
सांगायलाच हवं, आणि तुम्ही ते अचूक सांगितलंत. आता त्याच चाचणीतली दुसरी बाजू. डिमेन्शियाच्या अलीकडची पायरी, म्हणजे सौम्य बौद्धिक घट, कडक उपचारांच्या गटात सुमारे १९ टक्क्यांनी कमी झाली आणि तो फरक निर्णायक होता. ज्यांचे एमआरआय दोनदा झाले त्यांच्यात साधारण चार वर्षांत पांढऱ्या डागांचं आकारमान कडक उपचारांच्या गटात ०.९२ घन सेंटिमीटरने वाढलं, दुसऱ्यात १.४५ ने. म्हणजे डाग थांबले नाहीत, वेग मंदावला. चाचणी हृदयासाठीचा फायदा स्पष्ट दिसल्यामुळे २०१५ मध्ये ठरल्यापेक्षा आधी थांबवली गेली होती, आणि डिमेन्शिया व्हायला दशकं लागतात. आकार घटल्याचा अर्थ अजून निर्विवाद लागलेला नाही, ते मी लपवणार नाही. कडक गटात बीपी फार उतरणं, भोवळ आणि मूत्रपिंडाच्या तक्रारीही जास्त होत्या. मधुमेह असलेले आणि आधी स्ट्रोक झालेले लोक या चाचणीत घेतलेलेच नव्हते, त्यामुळे १२० हा आकडा सगळ्यांना सरसकट लावता येत नाही.

ज्यांना बारीक वाहिनीमुळे स्ट्रोक होऊन गेलाय त्यांच्यासाठी वेगळी चाचणी आहे, एसपीएस-३, ३०२० रुग्णांची, निष्कर्ष २०१३ चे. वरचा आकडा १३० च्या खाली ठेवलेल्या गटात पुन्हा स्ट्रोक होण्याचं एकूण प्रमाण थोडं कमी झालं, तो फरक निर्णायक नव्हता. पण मेंदूतला रक्तस्राव मात्र ६३ टक्क्यांनी घटला. भिंत कमकुवत होऊन फुटणं हा शेवट दाबाशी किती घट्ट बांधलेला आहे ते यातून दिसतं.

शंकासुर
रक्तस्रावाचा आकडा माहीत नव्हता. हा मुद्दा मान्य. "वेग मंदावला, थांबला नाही" हे वाक्य प्रत्येक घरात सांगितलं जावं असं वाटतं, नाहीतर लोक गोळीकडून चमत्काराची अपेक्षा करतात आणि तो झाला नाही की गोळी सोडतात.

धूमकेतू
आमच्या ओळखीत एकांना असे डाग निघाल्यावर घरच्यांनी स्वतःच रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. चालतं का?

नीलमोहर
स्वतःच्या मनाने मुळीच नाही. एसपीएस-३ मध्येच हेही तपासलं होतं. ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी आणखी एक गोळी दिल्याने स्ट्रोक लक्षणीय कमी झाले नाहीत, रक्तस्राव आणि मृत्यू मात्र वाढले. आधीच भिंती झिरपणाऱ्या आहेत हे विसरून चालणार नाही. स्ट्रोक होऊन गेलेल्याला ॲस्पिरिन द्यायचं की नाही हा वेगळा प्रश्न, तो डॉक्टर सोडवतील. नुसते डाग दिसले म्हणून घरी सुरू करायची ती गोष्ट नाही.

मृद्गंध
माझं बीपी कायम ११०-११५, तरी एमआरआयमध्ये डाग आहेत. मग माझं काय?

नीलमोहर
बीपी हे मोठं कारण आहे, एकमेव नाही. वय, मधुमेह, धूम्रपान यांनीही बारीक वाहिन्या बिघडतात. कॅडॅसिल नावाच्या आनुवंशिक आजारात नॉच-३ या जनुकातल्या दोषामुळे बीपी नॉर्मल असतानाही भिंतीतल्या स्नायूपेशी मरतात आणि तरुण वयात स्ट्रोक होतात. कुटुंबात कुणाला तसा इतिहास, अर्धशिशी वगैरे असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. दुसरा प्रकार म्हणजे वाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठणं. त्यात मायक्रोब्लीड मेंदूच्या बाहेरच्या भागात दिसतात. बीपीमुळे होणारे बहुधा खोलवर, थॅलॅमस, बेसल गँग्लिया, पॉन्स आणि लहान मेंदूत. म्हणून अहवालात डाग किती एवढंच न बघता कुठे आहेत तेही बघतात. थोडेफार डाग पुष्कळ निरोगी लोकांतही असतात. आणि तुमचं बीपी रात्रीही तेवढंच असतं का, ते बघितलंय का?

मृद्गंध
रात्रीचं कसं बघणार?

स्वानंदी
चोवीस तासांचं मशीन मिळतं, दंडाला पट्टा बांधून घरी पाठवतात, ते ठरावीक वेळाने आपोआप मोजतं. झोपेत बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी उतरायला हवं. काहींचं उतरतच नाही. त्यांच्या बारीक वाहिन्यांना रात्रीचीही विश्रांती मिळत नाही. घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या लोकांत हे बरेचदा सापडतं. मिस्टरांचं असंच निघालं होतं. क्लिनिकमधला आकडा निर्दोष, रात्रीचा चढा.

गणितवेडा
वाहिन्या एमआरआयशिवाय बघायची काही सोय? इतक्या आत आहेत म्हणून विचारतो.

उंबरठा
डोळे! शरीरात जिवंत बारीक रक्तवाहिन्या थेट दिसतात ती मुख्य जागा म्हणजे दृष्टिपटल. १९३९ मध्ये कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी दृष्टिपटलातल्या बदलांवरून उच्च रक्तदाबाच्या पायऱ्या ठरवल्या होत्या. धमनी जाड होऊन शीर दाबते ते डॉक्टरांना साधनातून स्पष्ट दिसतं. दुसरी खिडकी मूत्रपिंडाची: लघवीत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन जायला लागलं म्हणजे तिथल्या बारीक वाहिन्यांना इजा झालीय. मेंदू आणि मूत्रपिंड दोघांनाही सतत भरपूर रक्त लागतं, त्यामुळे वयाने महाधमनी ताठर झाली की नाडीचे धक्के दोघांच्याही बारीक वाहिन्यांपर्यंत पोचतात.

कवडसा
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस वाचूनच काढले. आता "वय की बीपी" यावर एकदा स्पष्ट सांगाल का? कारण वडिलांना "वयानुरूप" हा शब्द फार आवडलाय. त्यांच्या मते त्याचा अर्थ करण्यासारखं काही नाही.

नीलमोहर
एका माणसाच्या एमआरआयमधून वयाचा वाटा इतका आणि बीपीचा इतका असं वेगळं काढता येत नाही. पण तुम्ही लिहिलेलं सगळं एकत्र ठेवलं, म्हणजे बरीच वर्षं १५०-१६०, अर्धवट उपचार, दोन लॅक्यून आणि हा संथपणा, तर मी तरी फक्त वयावर ढकलणार नाही. लॅक्यून भरून येत नाहीत. धूसर डाग काही जणांत पुढच्या एमआरआयमध्ये कमी झालेलेही दिसतात, त्यामुळे सगळं संपलं असं मुळीच नाही. वडिलांसाठी रोजची न चुकता गोळी, घरच्या मोजण्यांची वही, उभं राहून एकदा बीपी, साखर, लघवीतलं अल्ब्युमिन, चालण्याचा व्यायाम आणि मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, हे धरून चला. गोळ्यांच्या बाबतीत कोणती हे त्यांचे डॉक्टर ठरवतील. मधेच सोडणं आणि पुन्हा धरणं यातला चढउतार वाहिन्यांना सोसत नाही, एवढं वडिलांना माझ्यातर्फे सांगा.

आणि कवडसा, तुमचं स्वतःचं वय काय? ब्रिटनमधल्या व्हाइटहॉल-२ या दीर्घ अभ्यासात वयाच्या ५० व्या वर्षी वरचा आकडा १३० किंवा त्याहून जास्त असलेल्यांना पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका ३८ टक्क्यांनी जास्त आढळला. ६० आणि ७० व्या वर्षीच्या आकड्यांशी तसा संबंध दिसला नाही. मेंदूच्या दृष्टीने पन्नाशीचं बीपी फार मोलाचं आहे.

कवडसा
सत्तेचाळीस. गेल्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत १३८ आलं होतं. धावपळीत आलं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

स्वानंदी
तर मग आठवडाभराची मोजणी तुम्हीही सुरू करा. दंडाला लावायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. आणि दंडाचा घेर मोजून त्या मापाचा पट्टा घ्या. लहान पट्ट्याने आकडा खोटाच जास्त येतो, मग तुम्ही विनाकारण घाबराल.

कवडसा
वडिलांचा आणि माझा दंड बराच वेगळा आहे. म्हणजे पट्टे दोन लागतील.

स्वानंदी
हो, मशीन एकच चालतं, पट्टा वेगळा मिळतो. पट्ट्यावर घेराची मर्यादा छापलेली असते, ती बघून घ्या.